सरांचा राहिलेला तास

स्मरणिकेसाठी "काहीही लिही, पण शाळेशी संबंधित लिही" असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मला एकच गोष्ट आठवली, आणि तीच लिहायची नाही असं मी तीनदा ठरवलं. डबे, सहली, गॅदरिंग, पावसात बंद पडलेल्या सायकली, हे सगळं बाकीचे लिहितीलच, माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी इतिहासावर लिहिते आहे हे वाचून इतिहासाच्या बाईंना धक्का बसेल. बाई, तुम्ही माझ्या सहामाहीच्या पेपरवर "अक्षर सुंदर, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे" असा शेरा दिला होतात. आजही थोडंफार तसंच होणार आहे, कारण इतिहास सांगता सांगता मला भूगोलाच्या सरांशी बोलायचं आहे.

आपण नववीत होतो. डिसेंबरमधल्या एका रविवारी सरांनी आपल्या वीस-बावीस जणांना सायकलींवरून टाकळीच्या बाजूला नेलं होतं. तिथे कुणाच्या तरी विहिरीचं काम चाललं होतं आणि बाहेर दगडांचा ढीग पडला होता. सरांनी त्यातला एक दगड फोडला. आत बोटाच्या पेराएवढा शंख होता, पूर्ण दगड झालेला. "हा डावखुरा शंख आहे," सर म्हणाले. फायसा जातीच्या या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीचा शंख डावीकडे वळतो, बहुतेक शंख उजवीकडे वळतात, हे मी त्या दिवशी शिकले आणि अजून विसरले नाही. मग सर म्हणाले, "हे दगड ज्याने पहिल्यांदा नीट पाहिले तो एक पाद्री होता. हिस्लॉप." आपण सगळे हसलो. हिस्लॉप म्हणजे कॉलेज! सिव्हिल लाइन्समधलं! तो माणूस असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. सर म्हणाले, पुढचं शनिवारच्या तासाला सांगतो.

तो तास झाला नाही. शनिवारी सर वर्गात आले, पुस्तक उघडलं आणि पर्जन्याचे प्रकार शिकवले. त्यानंतर आपली एकही रविवारची फेरी निघाली नाही. कुणाच्या तरी पालकांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, एवढंच तुम्हाला कळलं होतं. ते पालक माझे बाबा होते. "मुलांना पाद्र्यांच्या गोष्टी कशाला? त्या पाद्र्याने शाळा कशासाठी काढली होती ते आधी सांगा म्हणावं," असं ते घरी म्हणाले होते. मी शाळेत गप्प बसले. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. म्हणून, आणि सर मेळाव्याला येणार आहेत म्हणून, तो तास मी माझ्या परीने पुरा करते आहे. बाबांचा प्रश्नही त्यात घेणार आहे, कारण तो प्रश्न खोटा नव्हता.

स्टीफन हिस्लॉपचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळच्या डन्स या गावचा. लहानपणापासून दगड आणि किडे गोळा करायचा नाद होता. पुढे धर्मशास्त्र शिकला. त्याचं शिक्षण संपत आलं त्याच सुमारास स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. गावाचा धर्मगुरू कोण असावा हे तिथे बऱ्याचदा जमीनदार ठरवत असे, गावकऱ्यांनी नको म्हटलं तरी. या हक्काविरुद्धचं भांडण वर्षानुवर्षं चाललं आणि मे १८४३ मध्ये साडेचारशेहून अधिक धर्मगुरू जुनं चर्च सोडून बाहेर पडले. घर, पगार, देऊळ, सगळ्यावर पाणी सोडून. त्यांनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड स्थापन केलं. हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरी यच्चयावत नव्या चर्चबरोबर गेले. हिस्लॉपही त्याच बाजूचा. सरकारची आणि जमीनदाराची धर्मात ढवळाढवळ नको म्हणून घर सोडणाऱ्यांमधला हा मुलगा, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येतो.

कामठीच्या छावणीत तेव्हा मद्रासची पलटण होती. तिथल्या विल्यम हिल नावाच्या कॅप्टनने नागपूरला मिशन सुरू करण्यासाठी मोठी देणगी दिली आणि त्या कामावर हिस्लॉपची नेमणूक झाली. १८४४ मध्ये त्याचं लग्न झालं, त्याच वर्षाच्या शेवटी तो पत्नी इरॅस्मासह मुंबईत उतरला आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपूरला पोचला. मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडी यायला अजून बावीस वर्षं होती. त्या काळी हा सगळा पल्ला घोडा, बैलगाडी आणि पालखीचा होता. मी हिस्लॉपला 'अहो-जाहो' करत नाही, कारण तो इथे आला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता, म्हणजे माझ्या टीममधल्या नवीन मुलांच्या वयाचा.

त्याच्या आधी मध्य प्रांताच्या या भागात प्रयत्न झाला नव्हता असं नाही. अमरकंटकजवळच्या गोंड मुलखात जर्मन मिशनऱ्यांची एक तुकडी राहायला गेली होती. पहिल्याच पावसाळ्यात कॉलऱ्याने त्यातले बहुतेक गेले. वाचलेले दोघे नागपूरला येऊन हिस्लॉपला मिळाले. गोंडांविषयी त्याला पहिल्यांदा आपुलकी वाटू लागली ती यांच्यामुळे असावी, असा माझा तर्क.

नागपूर तेव्हा इंग्रजांचं नव्हतं, भोसल्यांचं होतं. गादीवर तिसरे रघुजी होते, सीताबर्डीला इंग्रजांचा रेसिडेंट होता. हिस्लॉपने १८४६ मध्ये शहरात इंग्रजी शाळा काढली. मराठी तो शिकला, मराठीतून बोलू-लिहू लागला. शाळेत इंग्रजी, गणित, भूगोल होता आणि बायबलही होतं. बायबल ऐच्छिक विषय नव्हता. इथे बाबांचा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर सरळ आहे: शाळा धर्मप्रसारासाठीच काढली होती. हिस्लॉपने ते कधी लपवलं नाही. मुलांना शहाणं केलं की ती आपोआप ख्रिस्ताकडे येतील, असा त्या काळच्या स्कॉटिश मिशनऱ्यांचा पक्का समज होता. कलकत्त्याला डफ, मुंबईला विल्सन, सगळ्यांनी याच विश्वासावर शाळा काढल्या.

१८४८ मध्ये नागपुरात त्यावरून मोठा पेच झाला. शाळेतला एक ब्राह्मण विद्यार्थी बाप्तिस्मा घ्यायचा म्हणून मिशनच्या आसऱ्याला आला. राजाने तो आपली प्रजा म्हणून परत मागितला आणि रेसिडेन्सीने मिशनरींच्या विरोधाला न जुमानता त्याला राजाच्या हवाली केलं. मुलगा कैदेत पडला. हिस्लॉपच्या दृष्टीने हा सत्तेने श्रद्धेवर केलेला अन्याय होता, ज्या तत्त्वासाठी त्याच्या लोकांनी स्कॉटलंडमध्ये घरं सोडली तेच तत्त्व इथे पायदळी तुडवलं गेलं होतं. राजाच्या दृष्टीने परक्या माणसाने आपल्या राज्यात येऊन घर फोडलं होतं. आणि त्या मुलाच्या आईला काय वाटलं असेल? बाबा ज्या बाजूने विचार करत होते ती ही तिसरी बाजू. मला दोन मुलं आहेत. ती बाजू मला पूर्वीपेक्षा आता जास्त कळते.

धर्मांतराच्या हिशेबाने पाहिलं तर अठरा वर्षांत हिस्लॉपच्या पदरात फार थोडं पडलं. शाळेत मुलं आली, इंग्रजी शिकली, नोकऱ्यांना लागली आणि बहुतेक सगळी आपापल्या धर्मातच राहिली. तरी शाळा चालत राहिली, याचं मला जास्त अप्रूप वाटतं. ठरवलेला हेतू साधत नाही हे दिसत असताना तो वर्गात जाऊन भूमिती शिकवत होता.

१८४७ मध्ये त्याच्या मदतीला रॉबर्ट हंटर आला. हा पुढे विलायतेला परत जाऊन प्रचंड मोठा विश्वकोशवजा इंग्रजी शब्दकोश करणारा माणूस, तेव्हा विशीतला. दोघांनाही फिरायची आवड होती आणि दोघेही वाटेतले दगड उचलून पाहायचे. १८५१ मध्ये टाकळीच्या बाजूला फिरायला गेले असताना त्यांना ते शंख सापडले. सर, तुमच्या विहिरीच्या ढिगाऱ्यातल्या शंखाचे भाऊबंद.

त्यांना काय सापडलं होतं ते थोडं सांगते, कारण हा भाग त्या शनिवारी होणार होता. आपल्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या पाषाणाचा आहे तो लाव्हा एका दमात आलेला नाही. एक थर यायचा, थंड व्हायचा, मग हजारो वर्षं काहीच व्हायचं नाही. त्या काळात खडकाच्या खोलगटांत तळी साचायची, काठाला झाडं उगवायची, पाण्यात गोगलगायी आणि मासे यायचे. मग पुन्हा लाव्हा यायचा आणि तळं जसंच्या तसं झाकून टाकायचा. दोन थरांच्या मध्ये सँडविचसारखा राहिलेला हा गाळ गारगोटीसारखा कडक झाला. सीताबर्डीची टेकडी, टाकळी, इथे तो थर वर आलेला होता. हिस्लॉप आणि हंटर यांनी त्यातून शंखच नव्हे, बिया, फळं, लाकडं, एवढंच काय भुंग्यांच्या पाठीवरची टणक पंखकवचं वेचून काढली. लाव्हाच्या दोन थरांत सापडलेला भुंगा! त्या किड्यांवर अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये लंडनला निबंध वाचला.

मग नादच लागला. कामठीच्या वालुकाश्मात त्यांना जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळाले, ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीचे. ही पानं हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका इथे एकाच वयाच्या खडकात सापडतात, आणि एके काळी हे सगळे भूभाग जोडलेले होते या विचाराला पुढे त्याच पानांचा मोठा आधार मिळाला. त्या जोडलेल्या भूभागाला नाव पडलं गोंडवन. आपल्या गोंडांच्या मुलखावरून. नागपूरच्या दक्षिणेला साठेक मैलांवर मांगलीच्या खाणीत एका उभयचर प्राण्याची कवटी मिळाली, बेडकाच्या कुळातल्या पण मगरीसारख्या चपट्या डोक्याच्या प्राण्याची, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीची. ती त्यांनी लंडनला रिचर्ड ओवेनकडे पाठवली. 'डायनोसॉर' हा शब्द तयार करणारा तोच ओवेन. त्याने १८५५ मध्ये तिला ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले दोष नोंदवतो तेव्हा नव्या मुलांना पहिली गोष्ट शिकवावी लागते ती ही: तुला काय दिसलं ते एका ओळीत लिही, तुला काय वाटतं ते दुसऱ्या ओळीत लिही, दोन्हीची भेळ करू नकोस. वीस वर्षांत हे नीट करणारी माणसं मी फार थोडी पाहिली. हिस्लॉपचे निबंध वाचताना मला तेच दिसलं. कुठल्या गावाच्या कुठल्या बाजूला, कुठल्या थरात, वर काय, खाली काय. अर्थ लावायचं काम तो ज्याला त्या विषयातलं कळतं त्याच्याकडे पाठवायचा: पानं बनबरीकडे, कवटी ओवेनकडे, किडे मरेकडे. नागपूरच्या तळ्यातल्या पाण्यात त्याला दगडांना चिकटलेल्या बारीक जीवांची वसाहत दिसली, तीही त्याने मुंबईच्या डॉक्टर कार्टरकडे पाठवली. कार्टरने १८५८ मध्ये त्या जीवाला हिस्लोपिया नाव दिलं. एका हिरव्या खनिजालाही त्याचं नाव मिळालं, हिस्लोपाइट.

त्याचे स्वतःचे निष्कर्ष मात्र सगळेच टिकले नाहीत. टाकळीचा गाळ तो टर्शरी काळातला समजत होता, आज तो त्याच्याही आधीचा, डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. वय चुकलं, पण कुठला शंख कुठल्या थरातला हे चुकलं नाही, म्हणून ते वय पुढच्यांना दुरुस्त करता आलं.

बायबल शिकवणारा माणूस कोट्यवधी वर्षांचे दगड कसा हाताळत होता, असं मला माझ्या मुलीने विचारलं. त्या काळच्या बऱ्याच स्कॉटिश धर्मगुरूंना यात विरोध दिसत नव्हता. दगड हे देवाचं दुसरं पुस्तक, असं ते म्हणायचे. आज दोन्ही बाजूंचे लोक जेवढे तावातावाने भांडतात तेवढे ते भांडत नव्हते.

१८५३ च्या डिसेंबरमध्ये रघुजी वारले, वारस नाही म्हणून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. पुढचा कारभार इंग्रजांचा आणि चांगला नव्हता. तब्येतीमुळे हंटर १८५५ मध्ये परत गेला, हिस्लॉप एकटा राहिला. मधली दोनेक वर्षं स्कॉटलंडला जाऊन आला, तेवढीच सुट्टी. नागपूरच्या गैरकारभाराविषयी त्याने 'फ्रेंड ऑफ इंडिया' या कलकत्त्याकडच्या पत्रात लिहिलं, आणि तिथे लिहिणं म्हणजे आपल्याच सरकारला चारचौघांत बोलणं होतं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि पुढच्या वर्षी रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त म्हणून आला. टेंपलला हा फिरस्ता पाद्री आवडला.

या सगळ्या वर्षांत हिस्लॉप आणखी एक काम करत होता, ते मला त्याच्या दगडांहूनही मोठं वाटतं. तो गोंडांची भाषा टिपत होता. गोंडी, कोलामी, नायकुडी, माडिया अशा बोलींमधले शब्द शेजारी शेजारी मांडलेल्या याद्या त्याने केल्या. आणि नागपूरच्या एका प्रधानाकडून त्याने लिंगोची कथा उतरवून घेतली. प्रधान म्हणजे गोंडांचे परंपरेने आलेले गायक, किंगरी वाजवून देवांच्या आणि कुळांच्या कथा गाणारे. गोंड गुहेत कोंडले जातात, लिंगो त्यांना सोडवतो, कुळांमध्ये वाटणी करून देतो, लग्नाचे नियम घालून देतो, अशी ती कथा. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला लाखांनी गोंड जमतात ते याच गुहेच्या श्रद्धेने. पारी कुपार लिंगो हा त्यांच्या धर्माचा संस्थापक.

हिस्लॉपने ही कथा गोंडीतच लिहून घेतली, रोमन अक्षरांत, प्रत्येक शब्दाखाली त्याचा अर्थ. तिचा सारांश लिहून तो मोकळा होऊ शकला असता. त्याच्या लेखी ती अंधश्रद्धाच होती. जिला पुसून टाकायला तो आला होता तीच गोष्ट त्याने शब्दन् शब्द जपून ठेवली. हे कसं जमवायचं याचा मी बराच विचार केला आणि मला ते जमवता आलं नाही. दोन्ही खरं आहे, एवढंच म्हणते. मात्र एक गोष्ट खटकते. हिस्लॉपच्या नावाचं खनिज आहे, पाण्यातला जीव आहे, कॉलेज आहे. ज्या प्रधानाला ती सगळी कथा तोंडपाठ होती त्याच्या नावाचं काही नाही.

आता सप्टेंबर १८६३. नागपूरच्या दक्षिणेला बोरीजवळ टाकळघाट इथे दगडांची वर्तुळं आहेत. मोठमोठ्या शिळा गोलाकार मांडलेल्या, मध्ये माती-दगडांचा उंचवटा. हिस्लॉपला त्यांत लोखंडाच्या वस्तू आणि खापरं सापडली होती. ती दाखवायला तो टेंपलबरोबर गेला. मुक्काम बोरीला होता. दिवसभर पाहणी झाल्यावर बाकीचे परतले, हिस्लॉप मागे थांबला, कारण तिथली गावातली शाळा तपासायची होती. मुलांची परीक्षा घेतली आणि तिन्हीसांजेला घोड्यावरून एकटा निघाला. सकाळी सहज ओलांडलेल्या ओढ्याला नदीच्या फुगवट्याने पाणी चढलं होतं.

घोडा छावणीवर आला. पाठीवर कुणी नव्हतं. माणसं शोधायला धावली, ओढ्यात मृतदेह सापडला. तारीख ४ सप्टेंबर. सेहेचाळीस पुरी व्हायला चार दिवस होते. मागे इरॅस्मा आणि मुलं होती.

ती बोरी म्हणजे आपली बुटीबोरी. माझे बाबा अकरा वर्षं बुटीबोरीच्या एमआयडीसीत नोकरीला होते. कंपनीच्या बसने रोज सकाळ-संध्याकाळ त्याच भागातून गेले-आले. हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं, तेव्हा त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते याचा अंदाज करता येतो: "शाळा तपासायला थांबला, हे बरं केलं. पण पाणी बघून निघायला नको का?" बाबा शाळा या गोष्टीला फार मानत. आमच्या घरात कॉलेजात गेलेले ते पहिले.

टेंपलने हिस्लॉपचे कागद गोळा केले आणि १८६६ मध्ये छापले: गोंडांवरच्या नोंदी, शब्दांच्या याद्या, लिंगोची कथा. टेंपल स्वतः गोंडी जाणणारा नव्हता, तरी त्याने त्या कागदांचं बाड कुठल्या कपाटात पडू दिलं नाही. शाळा वाढत गेली आणि १८८३ मध्ये तिचं कॉलेज झालं, हिस्लॉपच्या नावाने, सुरुवातीला थेट कलकत्ता विद्यापीठाला जोडलेलं. टाकळघाटची वर्तुळं शंभरेक वर्षं तशीच होती. १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा इथे नीट उत्खनन केलं. त्या आणि विदर्भातल्या इतर वर्तुळांतून निघालेलं चित्र असं, की ही अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या लोहयुगातल्या लोकांची दफनं आहेत. मेलेल्या माणसाबरोबर लोखंडी हत्यारं, खापरं ठेवलेली. आणि घोडे. विदर्भातल्या या दफनांमध्ये घोड्यांची हाडं सापडतात, माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे अलंकार मिळाले. त्या लोकांना आपल्या घोड्याला मागे सोडून जाणं मान्य नव्हतं.

सर, तुम्ही त्या रविवारी फोडलेला दगड कुणाकडे गेला हे तुम्ही नंतर एकदा वर्गात विचारलं होतंत. कुणी हात वर केला नाही. तो माझ्या कंपासपेटीत होता. तक्रारीनंतर मला तो परत द्यायची लाज वाटली आणि टाकून देववेना. लग्नानंतर पुण्याला आला, दोन घरं बदलली तरी बरोबर राहिला. आता माझ्या टेबलावर मॉनिटरच्या खाली असतो. मुलीने त्याला धुऊन टूथब्रशने घासला, तेव्हा शंखाचे वेढे पहिल्यांदा नीट दिसले. डावीकडेच वळतात.

तुम्ही त्या दिवशी खिशातल्या चिठ्ठीवर पेन्सिलने तीन ओळी लिहून ती दगडाला दोऱ्याने बांधली होती: टाकळी, विहिरीचे खोदकाम, डिसेंबर १९९५. दोरा कुजला. चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून ठेवली आहे. चौथी ओळ रिकामी आहे. तुम्ही म्हणाला होतात, तिथे सापडणाऱ्याचं नाव लिहायचं असतं, आणि मग पोरांमध्ये "मला दिसला, मला दिसला" अशी भांडणं लागली म्हणून ते राहून गेलं. दोन्ही घेऊन येते आहे. नाव कुणाचं ते मेळाव्यात ठरवू. माझ्या मते पहिल्यांदा दिसला तो त्या विहिरीवर काम करणाऱ्या बाईंना. त्यांनीच "गुरुजी, यात काही आहे का बघा" म्हणून तो तुमच्या हातात दिला होता.